भूल दिली, ऑपरेशन कुठाय?

लोकलच्या डब्यात दोन कागद शेजारी शेजारी चिकटवलेले असतात. एकावर बाबाचा फोटो : वशीकरण, मूठकरणी, सवतीपासून सुटका, चोवीस तासांत काम, गॅरंटी. दुसऱ्यावर टायवाल्याचा फोटो : स्वसंमोहन, व्यक्तिमत्त्व विकास, दोन दिवसांचं शिबिर, मनाची ताकद ओळखा. पहिल्या कागदाकडं बघून आपली शिकलेली पोरं हसतात. दुसऱ्याचा नंबर मोबाईलमध्ये उतरवून घेतात.

ही पोरं कोण? एमपीएससीची, पोलीस भरतीची, बँकेच्या परीक्षांची. चार-चार वर्षं अभ्यासिकेत घासलेली. मुलाखतीला गेली की समोरच्या टेबलावरची आडनावं बघून ज्यांची जीभ टाळ्याला चिकटते, ती. शिबिराची फी आईच्या धुण्याभांड्यांच्या पैशातून जाते. आणि मग विहारात, नाक्यावर प्रश्न निघतो : आपण बौद्ध. आपल्याला हे चालतं का? एक म्हणतो, चालतं, आपलं ध्यान म्हणजे दुसरं काय? दुसरा म्हणतो, नाही चालत, हे सगळं बामणी थोतांड. दोघंही बघितल्याशिवाय बोलतात. बघितल्याशिवाय बोलणं हा तर पोथीवाल्यांचा धंदा. तो आपण कशाला करायचा?

म्हणून आधी बघू. मग बोलू.

व्हिएन्नाहून मेस्मर नावाचा एक डॉक्टर अठराव्या शतकात पॅरिसला आला. माणसाच्या अंगातून एक चुंबकी द्रव वाहतो, तो तुंबला की रोग होतो आणि मी हात फिरवून तो मोकळा करतो, असं त्याचं म्हणणं. बायामाणसं आचके देऊन पडायची, उठल्यावर बरं वाटायचं. आपल्याकडं अंगात येतं, त्यातलाच प्रकार. १७८४ साली फ्रान्सच्या राजानं चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन तिच्यात होता, रसायनशास्त्रवाला लाव्हाझिए होता. समितीनं निकाल दिला : द्रवबिव काही नाही, हा कल्पनेचा परिणाम. निकाल बरोबर. पण नुसत्या कल्पनेनं माणूस आचके देतो आणि बरा होतो, तर ही कल्पना आहे तरी काय चीज, हा प्रश्न उरलाच.

तो पुढं नेला एका गोवेकरानं. आबे फारिया. १७५६ साली बारदेशातल्या कांदोळीत जन्मलेला ख्रिस्ती पाद्री. गोव्यात त्याची एक दंतकथा सांगतात. पोर्तुगालच्या राणीपुढं प्रवचनाला उभा राहिला आणि समोर गोऱ्या सरदारांचा थाट बघून त्याची वाचाच बसली. बाप खालून कोकणीत कुजबुजला, "कातर रे भाजी!" म्हणजे, ही सगळी भाजी समज आणि काप. एका वाक्यासरशी भीती गळाली, पोरगं घडाघडा बोललं. मग म्हणे त्याला प्रश्न पडला, एका वाक्यानं माझ्यात हे झालं कसं?

दंतकथा बाजूला ठेवा, इतिहास घ्या. १८१३ सालापासून पॅरिसमध्ये हा फारिया लोकांना खुर्चीत बसवायचा, मन एकाग्र करायला सांगायचा आणि जोरात म्हणायचा, "झोप!" माणूस तंद्रीत जायचा. बघणारे म्हणायचे, काय शक्ती आहे या काळ्या पाद्र्यात! आणि हा पठ्ठ्या उलटं सांगायचा. माझ्यात शक्ती नाही, माझ्या हातातून काही वाहत नाही. जे होतं ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून होतं. गुरूच्या खुर्चीत बसून 'मी गुरू नाही' म्हणणारा माणूस कुणाला परवडणार? चुंबकवाले चिडले, पाद्री चिडले, नाटकवाल्यांनी रंगमंचावर त्याची टिंगल केली. १८१९ साली त्याचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी तो गरिबीत मेला. पणजीत १९४५ सालापासून त्याचा पुतळा उभा आहे. खाली बाई कोसळतेय आणि हा वर हात पसरून उभा, जणू बोटांतून वीज सुटतेय. जे त्यानं जन्मभर नाकारलं तेच त्याच्या पुतळ्यात ओतलं! पुतळे करणाऱ्यांचं असंच असतं. माणूस काय म्हणाला ते गाडायचं आणि माणूस उंचावर ठेवायचा. आपण हसू नये. आपल्याही चौकात हे चालू आहे.

फारिया आपला नव्हता, हेही सांगून टाकतो. घराणं मूळ ब्राह्मणांचं म्हणवणारं. गोव्यात धर्म बदलला, पण बामण, चारडो, सुदीर ही उतरंड देवळातून उठून चर्चमध्ये जाऊन बसली. पण सत्य कुठल्या घरात जन्मलं हे बघून आपण ते टाकत नाही. तो त्यांचा रिवाज. फारियाचं सत्य एवढंच : किल्ली झोपणाऱ्याच्या खिशात असते.

आता धर्मवाले काय म्हणाले ते बघा.

रोमच्या धर्मपीठानं १८४० साली जरा सबुरीनं घेतलं. सैतानाला बोलावणं नसेल, हेतू वाईट नसेल, तर उपाय म्हणून चालेल. १८५६ साली बिशपांना पत्र गेलं : या नावाखाली मेलेल्यांशी बोलणं, भविष्य सांगणं चाललंय, ते बंद करा. १९५६ आणि १९५७ सालच्या भाषणांत पोप बारावा पायस बोलला, वेदना कमी करायला जाणकार डॉक्टरनं जपून वापरावं, हा पोरखेळ नव्हे. अमेरिकेतल्या ॲडव्हेंटिस्ट पंथाची एलन व्हाइट म्हणाली, एका माणसानं आपलं मन दुसऱ्याच्या ताब्यात देणं हेच पाप. ख्रिश्चन सायन्सची मेरी बेकर एडी १८६२ साली स्वतः एका मानसिक उपचारवाल्याकडं इलाजाला गेली होती, पण पुढं आयुष्यभर तिनं मेस्मेरिझमला शिव्या घातल्या. मौलवींत दोन तट. काही म्हणतात ही जिन्नांची करणी, हराम. काही म्हणतात इलाजापुरतं चालेल. आणि आपल्या इथला सनातन धर्म? त्याला तर हरकतच नाही. मारण, मोहन, वशीकरण, उच्चाटन अशी त्याच्या तंत्रग्रंथांत यादीच आहे. बंदी कुणाला? ज्याच्या कानावर वेद पडू नये, त्याला. मोहिनी घालणारे ते, घालून घेणारे आपण.

या सगळ्या गोंधळात एक गोष्ट खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. चर्चची मूळ हरकत अशी की माणसाची इच्छाशक्ती दुसऱ्याच्या मुठीत जाऊ नये. चोख बोलले. पण हा नियम धर्मगुरूंनी स्वतःला लावला असता तर? मंद दिवा, धूप, एकाच सुरात तेच तेच शब्द, वर बसलेला एक माणूस, खाली माना घातलेले हजार. संमोहनाचं हे सगळं सामान कुठल्या धर्माच्या दुकानात नाही? भांडण संमोहनाशी नव्हतंच. कानाजवळची जागा कुणाची, यावर भांडण होतं.

आता बंगालमध्ये या. १८४५ सालचा एप्रिल. हुगळीत जेम्स एस्डेल नावाचा कंपनी सरकारचा स्कॉटिश डॉक्टर. त्याच्यासमोर पहिला माणूस कोण आला? डुकरं विकणाऱ्या जातीतला एक कैदी. सात वर्षं रस्त्यावर राबायची सजा. अंडवृद्धीनं चालणं मुश्कील. एस्डेलनं त्याच्यावर तासन्‌तास हात फिरवले, तंद्री लावली आणि वेदना न होता इलाज केला. मग शेकडो ऑपरेशनं झाली. मोठमोठ्या गाठी कापल्या, माणूस कण्हला नाही. १८४६ साली कलकत्त्यात या उपायासाठी वेगळं हॉस्पिटलसुद्धा निघालं. पुढं ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि ही भूल मागं पडली.

ही गोष्ट मला फार दिवस सोडत नाही. एक तर हे थोतांड नाही हे तिच्यातून कळतं. त्या काळी भुलीचं औषध नव्हतं. मन एकाग्र झालं, सूचना घेतली, की वेदना खरोखर दबते. आजही दात काढताना, बाळंतपणात, भाजलेल्या माणसाची पट्टी बदलताना डॉक्टर संमोहनाची मदत घेतात. त्यात भूत नाही, देव नाही. श्रीलंकेत राहिलेला अब्राहम कोवूर नावाचा नास्तिक माणूस, १९७८ साली वारला, भूत लागलेल्या लोकांना संमोहनानंच बरं करायचा आणि बुवांना जाहीर आव्हान द्यायचा. हत्यार तेच, हात वेगळा.

पण दुसरी गोष्टही तिच्यात आहे. प्रयोग कुणावर झाला? कैद्यावर. डुकरं विकणाऱ्यावर. त्याचं दुखणं गेलं, चांगलं झालं. पण संमोहनानं अंग बधिर होतं, बेडी तुटत नाही. आपल्या भाषेत शब्द किती नेमका आहे बघा : भूल. डॉक्टर देतो तीही भूल आणि माणूस फसतो तीही भूल. फरक एकच. डॉक्टर भूल देतो, मग सुरी घेतो, गाठ काढतो. भूल ही ऑपरेशनपुरती. जो नुसतीच भूल देत बसतो आणि गाठीला हात लावत नाही, तो डॉक्टर नव्हे. तो लुटारू.

आपल्याला अशी भूल शतकानुशतकं दिली गेली. तू खालचा, तू खालचा, तू खालचा. सूचना द्यायची पद्धत हीच : साधं वाक्य, पुन्हा पुन्हा, लहानपणापासून, आईच्या दुधाबरोबर. वर मरीआईचा गाडा, पोतराजाचा आसूड, देवाला सोडलेल्या पोरी. स्वतःच्या अंगावर स्वतः कोरडे ओढणारा माणूस, यापेक्षा पक्कं स्वसंमोहन जगात दाखवा! जात माणसाच्या मनात घर करून बसते आणि त्या घराची पायाभरणी शास्त्रांनी केलीय, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या निर्मूलनावरच्या भाषणात लिहून ठेवलं. पण म्हणून त्यांनी काय केलं? २० मार्च १९२७ ला महाडला तळ्याच्या काठावर लोकांना डोळे मिटून बसवलं नाही. 'मला तहान नाही, मला तहान नाही' असं शंभरदा म्हणायला लावलं नाही. ते पायऱ्या उतरले आणि पाणी प्याले. मनातली बेडी आणि तळ्यावरची बंदी एकाच ओंजळीत तुटली. मन बदलणं आणि जग बदलणं ही दोन कामं नाहीत, एकच काम आहे. हे ज्याला कळलं नाही त्यानं खुशाल शिबिराला जावं.

आता या टायवाल्यांचं बघू. त्यांची वाक्यं काय? मी यशस्वी आहे. माझ्यात कमतरता नाही. पैसा माझ्याकडं येतोय. हा धंदा नवा नाही. फ्रान्समध्ये एमिल कुए नावाचा एक औषधवाला १९२० च्या सुमाराला लोकांना रोज सकाळ-संध्याकाळ 'मी सुधारतोय' अशा अर्थाचं वाक्य वीस वेळा म्हणायला लावायचा. पण तो निदान एवढं तरी सांगायचा की बरं करणारा मी नाही, तुम्हीच. आताचे तेवढंही सांगत नाहीत, कारण मग पुढच्या शिबिराची फी कोण भरणार? आणि वाक्य म्हणूनही नोकरी लागली नाही तर दोष कुणाचा? तुझाच. तू मनापासून म्हटलं नाहीस. तुझी श्रद्धा कमी पडली.

दोस्तहो, हे कुठं ऐकलंय का? मी तर ऐकलंय. आधी सांगायचे, मागच्या जन्मी तू पाप केलंस म्हणून या जन्मी शेण उचल. आता सांगतात, तुझं अंतर्मन नकारात्मक आहे म्हणून तू बेकार. मागचा जन्म जाऊन अंतर्मन आलं. गुन्हेगार तोच, आपण. सुटलेला तोच, मालक. भरती बंद का आहे, कायमच्या जागेवर कंत्राटी माणूस का आहे, मुलाखतीत आडनाव ऐकून नजर का बदलते, हे सगळं बाहेर राहिलं. गरिबाच्या दुःखाला त्याचाच मागचा जन्म जबाबदार धरणं ही समाजाला मोकळं सोडायची युक्ती आहे, म्हणून बाबासाहेबांनी ते पूर्वजन्मीचं कर्म धम्मातून उखडून टाकलं. तेच आता इंग्रजी टाय लावून परत आलंय.

मी गोदीत काम करतो, मॅट्रिकपुढं शिकलो नाही, पण एवढं मला कळतं. एका कंत्राटदारानं आमच्यासाठी असंच शिबिर भरवलं. रात्रपाळी करून आलेली टोळी शेडमध्ये बसवली. टायवाला म्हणाला, डोळे मिटा, हात मांडीवर ठेवा, म्हणा : माझं शरीर हलकं आहे, मला थकवा येत नाही. निम्मी टोळी खरंच घोरायला लागली. शिबिराचं तेवढंच यश. एका जुन्या कामगारानं हात वर केला. म्हणाला, "साहेब, हेच वाक्य त्या लोखंडाच्या कॉइललापण शिकवा. ती हलकी झाली की आमचं आपोआप होईल." शेड हसून फुटली. हातमोजे आणि ओव्हरटाइमची मागणी कित्येक महिने तशीच पडून होती. शिबिराला मात्र पैसा निघाला. थकवा ही अंगाची तक्रार असते. तक्रार करणाऱ्याला झोपवलं की मालकाचं ऑफिस शांत.

आता मूळ प्रश्नावर येतो. धम्मात हे बसतं का?

नालंदेला केवट्ट नावाचा गृहस्थ बुद्धाकडं आला. म्हणाला, एखाद्या भिक्खूला चमत्कार करायला सांगा, लोक लोटतील. बुद्धानं नकार दिला. चमत्काराला शंकेखोर माणूस जादूटोणाच म्हणेल, असल्या गोष्टींची मला शिसारी आहे, शिकवणं हाच खरा चमत्कार, असा त्याच्या उत्तराचा मतलब. राजगृहाला बांबूवर टांगलेलं चंदनाचं पात्र पिंडोल भारद्वाजानं चमत्कारानं काढून आणलं, अशी विनयात कथा आहे. बुद्धानं शाबासकी दिली नाही, झापलं आणि लोकांसमोर असले खेळ करायला बंदी घातली. कालामांना तर त्यानं सांगितलं, परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू म्हणतो म्हणून काही मानू नका, अनुभवावर घासून बघा. आणि ध्यान? आपल्या ध्यानात कुणी कानात वाक्य सोडत नाही. श्वास जसा आहे तसा बघायचा. राग आला तर राग आला हे बघायचं. संमोहनात तुम्ही सूचनेत बुडता, स्मृतीत तुम्ही बुडणाऱ्यालाच पकडता. एक तंद्री, दुसरी जाग. ध्यान म्हणजेच संमोहन म्हणणाऱ्या मित्रानं हे ध्यानात घ्यावं.

कुणी विचारेल, मग १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा? त्याही वाक्यंच, त्याही म्हणायच्याच. ते स्वसंमोहन नाही का? विचारलंच पाहिजे. माझं उत्तर असं. प्रतिज्ञा उघड्या डोळ्यांनी, मोठ्या आवाजात, लाखोंच्या साक्षीनं, अर्थ समजून घेतली गेली. 'माझं सगळं छान आहे' असं प्रतिज्ञा सांगत नाही. 'मी हे करणार नाही, मी हे करीन' असं सांगते. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला देव्हारा उचलावा लागतो, सोयरे-गावकऱ्यांशी भांडावं लागतं. जे वाक्य तुम्हाला कामाला लावतं ती प्रतिज्ञा, जे वाक्य तुम्हाला झोपवतं ती भूल. पण तीच प्रतिज्ञा, तीच वंदना अर्थ न कळता पोपटासारखी म्हटली, मिरवणुकीत डीजेच्या ठोक्यावर नुसतं नाव घेऊन नाचलो, साहेबाचा फोटो लावून घरात गुपचूप सत्यनारायण घातला, तर मग मरीआईच्या गाड्यात आणि आपल्यात फरक काय? हा सवाल बामणाला नाही, मला आणि तुम्हाला आहे.

म्हणून मी सरसकट बंदीच्या बाजूचा नाही. बंदी घालणं ही पोपची आणि मौलवीची सवय. मुलाखतीच्या आधी हात कापत असतील तर बस दहा मिनिटं, श्वास सावकाश कर, स्वतःला सांग : हे समोरचे सगळे भाजी आहेत. दारू-तंबाखू सोडायची असेल आणि शिकलेला मानसोपचारवाला मदत करत असेल, तर घे. भीती आपल्यात त्यांनी पेरली, ती उपटायला जे हत्यार सापडेल ते आपलं. फक्त हत्यार हातात घ्यायच्या आधी तीन गोष्टी विचार. एक, किल्ली माझ्या खिशात राहते की याच्या? चार दिवसांत शिकवून मला मोकळं करणार की जन्मभर शिबिरं करायला लावणार? दोन, हे वाक्य खरं आहे का? 'मी भीत नाही, मी बोलू शकतो' हे खरं करता येतं. 'पैसा माझ्याकडं येतोय' ही थाप आहे. तीन, डोळे उघडल्यावर मी काय करणार? उत्तर 'काही नाही' असेल तर डोळे मिटूच नकोस.

आणि वशीकरणवाल्या बाबाचं म्हणाल, तर त्याच्यासाठी कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तेव्हा कुठं सरकारला जाग आली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. एक माणूस मेल्याशिवाय या राज्याची तंद्री उतरत नाही. पण टायवाल्यासाठी कायदा होणार नाही, कारण त्याचं गिऱ्हाईक मालक आहे. त्याचा बंदोबस्त तुम्हाला-मलाच करायचाय, वस्तीत, अभ्यासिकेत, युनियनच्या गेटवर, प्रश्न विचारून.

त्यांना आपली झोप हवी आहे. थकून आलेल्या माणसाला झोप गोड लागते, हे गोदीतल्या माणसाला कुणी सांगायला नको. पण ती आपण आपल्या घरी, आपल्या गोधडीवर, पाळी संपल्यावर घेऊ. पाळी अजून संपलेली नाही.

जयभीम.